वार कोणत्या हाताचा?

लासुर्ण्याच्या शिवाराला पाणी मिळतं ते नीरा डाव्या कालव्याचं. नदी आमच्या दक्षिणेला, आणि कालवा तिच्या उत्तरेनं बारामतीकडून इंदापूरकडं जातो. बाहेरून आलेला माणूस हटकून विचारतो, उत्तरेकडच्या कालव्याला डावा का म्हणायचं? त्याचा खुलासा असा, की नदी वाहते तिकडं, म्हणजे नीरा-नरसिंहपूरच्या संगमाकडं तोंड करून उभं राहायचं. डावा हात येतो तो डावा काठ. पाठ फिरवून वीरच्या बंधाऱ्याकडं पाहिलं तर तोच कालवा उजव्या हाताला येतो. एकोणिसाव्या शतकात हा कालवा काढणाऱ्यांनी तोंड कुठं करायचं ते आधी ठरवलं होतं, म्हणून आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही.

जुन्या खुनांविषयी लिहिणारे नेमकी हीच पायरी गाळतात. गळ्यावरचा वार डावीकडून उजवीकडं गेला, तेव्हा मारेकरी उजवा. घाव डोक्याच्या उजव्या अंगाला बसला, तेव्हा मारेकरी डावरा. एका वाक्यात निकाल. जखमेवरून हात खरोखर ओळखता येतो का, आणि आपल्या इतिहासातल्या हत्यांना हे माप लावलं तर काय हाती लागतं, ते इथं पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. मारणारा आणि मरणारा एकमेकांशी कसे होते, हे जखम सांगते. तो संबंध दुसऱ्या कुठून कळला असेल तरच हाताविषयी काही बोलता येतं. तो कळलेला नसेल तर डावरा-उजवा हा निव्वळ अंदाज असतो, आणि अशा अंदाजानं जिवंत माणसाच्या गळ्याला फास लागू शकतो.

कापल्याच्या जखमेत शस्त्र जिथं टेकतं तिथं ती बहुधा खोल असते, आणि जिथून उचललं जातं तिथं उथळ होत जाऊन तिची शेपटी राहते. म्हणजे वार कुठून कुठं गेला हे बऱ्याच वेळा खात्रीनं सांगता येतं. इथपर्यंत डॉक्टर भक्कम जमिनीवर आहे. पुढची उडी अवघड. घरात दोघांनी मिळून एक चमचा घेऊन करून पाहावं. मागं उभं राहून उजव्या हातानं समोरच्याच्या गळ्यावरून चमचा ओढला तर तो त्याच्या डावीकडून उजवीकडं जातो. आता समोर येऊन, उजव्याच हातानं, बाहेरून आत सपकन फिरवा. तरीही तो त्याच्या डावीकडून उजवीकडंच जातो. मग त्याच जागी उभं राहून, त्याच हातानं, मनगट उलटं करून आतून बाहेर फिरवा. या वेळी तो उजवीकडून डावीकडं जाईल, आणि पुस्तकातली आकृती पाहून कुणीही म्हणेल की हा डावऱ्याचा वार. माणूस बदलला नाही, हात बदलला नाही, फक्त झोक बदलला. चमच्याच्या खेळात समोरचा स्थिर उभा असतो. जिवाच्या आकांतानं धडपडणारा माणूस मान वळवतो, खाली बसतो, हात आडवे घालतो, पालथा पडतो.

डोक्यावरच्या घावांचंही तसंच आहे. समोरासमोर उजव्या हाताचा घाव डोक्याच्या डाव्या अंगाला बसतो, पाठीमागून बसला तर उजव्या अंगाला. आमच्या ऊसपट्ट्यात कोयता एका हातानं चालतो आणि दुसऱ्या हातात उसाचं कांडं असतं, त्यामुळं तोडणाऱ्याचा हात लगेच कळतो. कुऱ्हाड मात्र दोन्ही हातांनी धरतात. चांगले उजवे गडी ती डाव्या खांद्यावरून सोडताना मी पाहिले आहेत. त्या घावावरून हात सांगणं म्हणजे लाकडाच्या ढलपीवरून तोडणारा कोणत्या हातानं जेवतो हे सांगण्यासारखं आहे.

एका ठिकाणी हा तर्क खरोखर उपयोगी पडतो. गळा आणि हात एकाच माणसाचे असतात तेव्हा, म्हणजे आत्महत्येच्या संशयात. तिथं कोण कुठं उभं होतं हा प्रश्नच उरत नाही. उजवा माणूस स्वतःचा गळा कापतो तेव्हा वार सहसा डाव्या कानाखाली उंच सुरू होऊन उजवीकडं खाली उतरतो. मृत माणूस डावरा की उजवा, हे घरच्यांना विचारता येतं. तिथंही डॉक्टर एवढ्यावर थांबत नाही. आधी घेतलेले चाचपडते, उथळ, समांतर चरे आहेत का आणि तळहातावर किंवा पुढच्या हातावर बचावाच्या जखमा आहेत का, हे तो पाहतो. भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं जयसिंग मोदींचं वैद्यकीय न्यायशास्त्राचं पुस्तक १९२० साली निघालं. तेव्हापासून हा भाग आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्यातली आकृती लक्षात राहते आणि तिच्या अटी विसरल्या जातात, हे दुखणं जगभरचं आहे.

जगभरचं म्हणताना व्हाइटचॅपेल टाळता येत नाही. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे लंडनच्या त्या वस्तीत मेरी ॲन निकोल्सचं प्रेत सापडलं. ते तपासणाऱ्या डॉ. लुएलिन यांनी चौकशीत सांगितलं की वार डावीकडून उजवीकडं गेलेले असून ते डावऱ्या माणसाचे असू शकतात. त्यांच्या मनातलं चित्र असं असावं, की मारेकरी समोर उभा आहे आणि एका हातानं जबडा दाबून दुसऱ्या हातानं कापतो आहे. वर्तमानपत्रांना डावरा खुनी मिळाला. काही आठवड्यांतच पोलिसांच्या अहवालात नोंद झाली की आता खुद्द डॉक्टरांनाच त्याबद्दल शंका आहे. पुढं नोव्हेंबरमध्ये डॉ. थॉमस बाँड यांनी याच मालिकेतल्या पाच खुनांचा एकत्र विचार केला. त्यांनी हाताला बाजूला ठेवून जागेचा प्रश्न आधी विचारला. बायका मारल्या गेल्या तेव्हा आडव्या होत्या, पहिल्या चार जणींवर हल्ला त्यांच्या उजव्या बाजूनं झाला. पाचवीची खाट भिंतीला लागून होती आणि तिच्या उजव्या बाजूला माणूस मावायला जागाच नव्हती, म्हणून तिथं तो समोरून किंवा डाव्या बाजूनं आला असला पाहिजे. आडव्या माणसाच्या उजव्या कुशीला बसून उजव्या हातानं पलीकडून आपल्याकडं ओढलेला वार डावीकडून उजवीकडंच येतो. म्हणजे लुएलिन यांना ज्या खुणेत डावरा दिसला, ती खूण साध्या उजव्या हाताचीही होऊ शकते. भिंत, खाट आणि रक्ताचे डाग पाहिल्याशिवाय जखमेला वाचा फुटत नाही, हे बाँड यांच्या अहवालावरून समजतं, आणि या खुनांवरच्या सगळ्या साहित्यात मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

इथं थोडा हिशेब मांडू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात तेवीस लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली होती, आणि डावऱ्यांचं प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास निघालं. सोयीसाठी दहा धरू. समजा एखादा डॉक्टर जखमेवरून शंभरातल्या ऐंशी वेळा हात बरोबर ओळखतो. प्रत्यक्षात इतकं यश मिळणं मला अवघड वाटतं. शंभर मारेकऱ्यांत दहा डावरे, त्यांपैकी आठ तो ओळखेल. उरलेल्या नव्वद उजव्यांपैकी अठरांनाही तो चुकून डावरे म्हणेल. एकूण सव्वीस जणांवर डावरेपणाचा शिक्का बसला, आणि त्यांत खरे डावरे आठच. इतकी चांगली खूण असूनही तीनांतल्या दोन वेळा ती चुकीच्या माणसाकडं बोट दाखवते.

आता आपल्या मातीत येऊ. मराठी इतिहासात हात स्पष्ट सांगितला आहे असा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचा. तो खून नव्हता; जिवावर उठलेल्याशी झालेली ती गाठ होती. तरी आपल्या प्रश्नाला तो फार उपयोगी आहे, कारण इथं सगळं उलटं आहे. जखमा कुणी तपासलेल्या नाहीत, पण हात लिहून ठेवला आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ साली, म्हणजे प्रसंगानंतर अडतीस वर्षांनी, बखर लिहिली. तीत डाव्या हाताच्या वाघनखांचा मारा आधी येतो आणि उजव्या हातच्या बिचव्याचा नंतर. खानानं महाराजांची मान काखेत धरली आणि कुशीत जमदाड (कट्यार) चालवली, ती अंगातल्या कुडत्यावर खरखरली. समोरासमोरच्या अशा मिठीत डावा हात प्रतिपक्षाच्या उजव्या कुशीपाशी मोकळा राहू शकतो. म्हणजे सभासदानं सांगितलेली मांडणी शरीराच्या हिशेबात बसते. एवढ्यानं ती सिद्ध होत नाही, पण ती अशक्य नाही हे कळतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. समजा खानाचा देह एखाद्या आजच्या डॉक्टरपुढं आला असता आणि त्याला भेटीची हकीकत ठाऊक नसती. एका अंगाला नखांनी फाडल्याच्या समांतर जखमा, दुसरीकडं वाकड्या पात्याची खोल भोसक. मारेकरी दोन असावेत, एक डावरा आणि एक उजवा, असंही त्याला वाटलं असतं. डाव्या हातात वाघनखं आहेत म्हणून महाराज डावरे ठरत नाहीत. शस्त्र कोणत्या हातात लपतं, आलिंगन देताना कोणता हात कुठं जातो, याचा तो आधीच केलेला विचार होता. वापरलेला हात आणि जन्मानं चालणारा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखम फार तर पहिल्याविषयी बोलेल, आणि आपण तिला दुसरी विचारत बसतो. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ती मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या घराण्याकडून तिथं गेलेली. तीच प्रतापगडची हे सिद्ध करता आलेलं नाही, असं ते संग्रहालयच म्हणतं. पुरावा नसताना पुरावा नाही म्हणण्याचा हा सच्चेपणा हाताच्या प्रश्नातही हवा.

मराठा सेनानी संताजी घोरपड्यांची हत्या आमच्या भागाला जवळची. १६९७ साली म्हसवडच्या नागोजी मान्यानं त्यांना गाठलं, स्नानाच्या वेळी निःशस्त्र असताना, असं परंपरा सांगते. मान्यांचं जुनं वैर होतं. शिर कापून औरंगजेब बादशहाकडं गेलं. तिथं जखमेला विचारण्यासारखं काही उरलंच नाही, आणि कुणी मारलं याविषयीचं सगळं बोलणं वैराच्या हकीकतींवरून झालं.

महाराष्ट्रातला ज्याला खरोखर खुनाचा खटला म्हणता येईल तो नारायणराव पेशव्यांचा. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपार. अठरा वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यात होता. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी आत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसाफ हे त्यांचे म्होरके, आणि त्यांच्यासोबत वाड्यातलाच तुळाजी पवार. नारायणराव पळत काकांच्या, रघुनाथरावांच्या दालनात गेला आणि त्यांना मिठी मारली. तुळाजीनं त्याला ओढलं, चापाजी टिळेकर अंगावर आडवा पडला, आणि तलवारी दोघांवर चालल्या. वाड्यात त्या दिवशी आणखीही माणसं मेली, एक गायही मारली गेली. रात्री गाजावाजा न करता दहन झालं. आज शनिवारवाडा पाहायला गेलेली मुलं कोणता दरवाजा, कुठला कोपरा असं विचारतात आणि मार्गदर्शक सांगतातही. पण १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, आणि ज्या भिंतींवरून बाँडसारखा माणूस काही वाचू शकला असता त्या राहिल्याच नाहीत.

या देहावरच्या जखमांवरून मारेकऱ्यांचा हात शोधायचा म्हटलं तर काय होईल? वार अनेकांचे, एकाच वेळी, वेगवेगळ्या बाजूंनी. मारला जाणारा मुलगा एकाला मिठी मारून, दुसरा पायाला धरून ओढतो आहे, तिसरा त्याच्यावर झाकण होऊन पडला आहे. यांतला कुठला वार कुणी केला हे त्या दालनात उभ्या असलेल्यालाही सांगता आलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी देहच नव्हता. लेस्टरच्या गाडीतळाखाली २०१२ साली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा मिळाला तेव्हा मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमा मोजता आल्या, त्यांतल्या नऊ कवटीवर. आपल्या दहनाच्या रीतीत इतिहासातली जखम राखेबरोबर नदीत जाते. आपल्याकडं उरते ती जखमेविषयीची वाक्यं, आणि त्यांतलं डावं-उजवं लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढचं असतं.

तरीही हा खून तपासला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी काही आठवडे माणसांच्या जबान्या घेतल्या. कुणाचं कुणाशी बोलणं झालं, गारद्यांना काय देऊ केलं होतं, हुकूम कुणी दिला, या वाटेनं ते गेले. तो तपास थेट काकांपर्यंत पोहोचला, आणि रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, असं त्यांनी सांगितल्याचं ग्रँट डफनं नोंदवलं आहे. नंतर रामशास्त्री पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीला गेले. या तपासात हाताचा प्रश्न आला तो वेगळ्या अर्थानं. आजही घरोघर माहीत असलेली ‘ध’ चा ‘मा’ केल्याची गोष्ट अक्षराची आहे: धरावे असं लिहिलेल्या कागदावर मारावे कुणी केलं? बोट रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंकडं दाखवलं जातं. मूळ कागद समोर ठेवून कुणी ते दाखवून दिलेलं नाही, आणि एका बाईच्या नावावर अडीचशे वर्षं बसलेला हा डाग मला अस्वस्थ करतो. जखमेवरून डावरा ठरवणं आणि दंतकथेवरून अक्षर ठरवणं यांत फार अंतर नाही. तलवार धरणारे हात पगारी होते. त्यांतला कुणी डावरा होता का, याला त्या खटल्यात काडीचंही महत्त्व नव्हतं. रामशास्त्र्यांना ते कळलं होतं.

विसाव्या शतकापर्यंत प्रेतं टेबलावर आली, मोजपट्ट्या आल्या, तज्ज्ञ साक्षीदार आले. तरी जागेचा प्रश्न सुटला नाही. मुंबईत २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर नानावटींच्या हातून प्रेम आहुजाचा मृत्यू झाला. मारणारा कोण याबद्दल वादच नव्हता. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या तीन, आणि छातीवर, डाव्या हाताच्या बोटांमधल्या बेचक्यात आणि डोक्याच्या डाव्या बाजूला अशा जखमा. एवढं सगळं हाती असताना दोघांत झटापट झाली की नाही यावर सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय झगडलं, आणि ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेला माणूस १९६१ साली अखेर दोषी राहिला. मारेकरी माहीत असतानाही त्या दोघांची शरीरं कशी होती ते जुळवायला इतके कष्ट पडले.

अमेरिकेत १९५४ साली ओहायोत मॅरिलिन शेपर्डचा खून झाला आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याला जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी पॉल कर्क या तज्ज्ञानं खोलीतल्या रक्ताच्या शिंतोड्यांवरून मारेकरी डावरा असावा असं मांडलं. नवरा उजवा होता. कर्कनं निदान बाँडची वाट धरली होती: भिंती, खाट, शिंतोडे, मग हात. तरी न्यायालयानं तेव्हा फेरखटला दिला नाही. शेपर्ड १९६६ च्या दुसऱ्या खटल्यात सुटला, आणि तो दुसरा खटला मिळाला तो पहिल्या वेळच्या वर्तमानपत्री गदारोळामुळं. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली सोलंकी चिमणभाई प्रकरणात घातलेली चौकट मला रास्त वाटते: डॉक्टरांचा पुरावा मुळात दुजोऱ्याचा असतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष तेव्हाच बाजूला पडते जेव्हा वैद्यकीय पुरावा तशी घटना घडण्याची शक्यताच संपवतो. हाताच्या अनुमानाला ही चौकट लावली तर ते बहुतेक वेळा बाहेर राहील, आणि ते योग्यच होईल.

डावऱ्यांविषयी एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपली भाषाच उजवीकडं झुकलेली आहे. मुलगी उजवली म्हणतो, कूस उजवली म्हणतो. डावं मात्र कमीपणाचं. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या डाव्या हातातली पाटीवरची पेन्सिल काढून उजव्यात दिली गेली. ती आता साठीची माणसं आहेत: लिहितात आणि जेवतात उजव्यानं, पण अचानक काही पकडायचं झालं की डावा हात पुढं जातो. पोलिसांनी यांतल्या कुणाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे उजवा म्हणेल. मग जखमेवरून काढलेला हात ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो हातच समाजानं झाकून ठेवलेला. गावात खून झाला आणि वर्तमानपत्रात मारेकरी डावखुरा असल्याचा संशय छापून आला, तर संशयाची सुई वळते ती उघड डावऱ्या असलेल्या मोजक्या माणसांकडं, ज्यांच्यावर लहानपणी कुणी जबरदस्ती केली नाही एवढाच ज्यांचा गुन्हा.

राहिला पंचनामा. प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा प्रेत असेल तिथंच लिहिला जातो. पंच म्हणजे आसपासची दोन माणसं, घाबरलेली, लवकर सुटका हवी असलेली. हवालदार लिहितो: गळ्याच्या उजव्या बाजूस जखम. कुणाच्या उजव्या? पाहणारा प्रेताच्या पायाशी उभा असेल आणि प्रेत उताणं असेल तर त्याचा उजवा हात मयताच्या डाव्या बाजूला येतो. प्रेत पालथं असेल तर दोघांचा उजवा एकच. शवविच्छेदन करणारा डॉक्टर नेहमी मयताची उजवी-डावी लिहितो, तो त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. पंचांना हे कुणी सांगत नाही. मग दोन कागद न्यायालयात समोरासमोर येतात, एकात उजवी, दुसऱ्यात डावी, आणि बचावाचा वकील तासभर त्यावर उलटतपासणी घेतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला आणि तोंड कुठं हे लिहायचं, आणि पुढं प्रत्येक वेळी ‘मयताच्या’ हा शब्द गाळायचा नाही. गावात पंच व्हायची वेळ आलेल्या कुणालाही हे करता येईल. हवालदार घाईत असला तरी सही करण्याआधी एवढं विचारून घ्यावं: उजव्या बाजूस लिहिलंय साहेब, ते कुणाच्या उजव्या?